सूरजागड : संदेशाची मांडणी आणि लोकमत

1

लोकमत ही लोकशाहीची अंतिम शक्ती होय, असे आपण मानतो. परंतु हे मत ज्या द्रव्यातून घडते त्या द्रव्याची परीक्षा त्या मानाने क्वचितच केली जाते. एखाद्या प्रश्नावर लोकांनी कोणता कौल दिला याचा विचार करण्यापूर्वी, तो प्रश्न त्यांच्यापुढे कोणत्या रूपात ठेवण्यात आला होता हे पाहणे आवश्यक असते. वस्तुस्थिती एकच असली तरी ती सांगताना कोणता अंश पुढे आणावा, कोणता मागे ठेवावा आणि सर्वांना मिळून कोणते नाव द्यावे, याची निवड सांगणाऱ्याला करावीच लागते. या निवडीला पाश्चात्त्य अभ्यासकांनी ‘फ्रेम’ ही संज्ञा दिली. मराठीत तिला ‘चौकट’ म्हणण्याचा प्रघात पडत आहे व तो स्वीकारण्यास हरकत नाही. तथापि आपल्या भाषेत चौकट जशी चित्राला असते तशी दारालाही असते. चित्राची चौकट दृश्याला मर्यादा घालते. दाराची चौकट आत कोणी यावे आणि बाहेर कोणी थांबावे हे ठरवते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे, कारण या विषयावरील रूढ विवेचनात तोच बहुधा सुटतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विवेचनासाठी सूरजागडचे उदाहरण घेतले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील या डोंगराविषयी गेली दोन दशके मराठी वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून आणि सभांतून पुष्कळ बोलले गेले. इतके बोलले जाऊनही मूळ प्रश्न किती उलगडला, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

2

प्रथम सिद्धांताची थोडी ओळख करून घेऊ. वॉल्टर लिपमन याने 1922 साली लोकमतावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादले की, मनुष्य प्रत्यक्ष जगाला अनुसरून वागत नाही. त्या जगाचे जे चित्र त्याच्या डोक्यात असते त्याला अनुसरून तो वागतो. हे चित्र दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून तयार झालेले असते. पुढे 1981 साली ट्वेर्स्की व काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहाशे माणसे दगावतील अशी एक साथ कल्पिली. एका गटाला सांगितले की, पहिल्या उपायाने दोनशे माणसे निश्चित वाचतील. दुसऱ्या उपायाने सर्व वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश व कोणीही न वाचण्याची दोन-तृतीयांश आहे. शेकडा 72 जणांनी पहिला, निश्चित उपाय पसंत केला. दुसऱ्या गटाला तोच पहिला उपाय ‘चारशे माणसे मरतील’ अशा शब्दांत सांगितला, तेव्हा त्याला केवळ शेकडा 22 जणांची पसंती मिळाली. गणित तेच होते. फक्त क्रियापद बदलले होते.

रॉबर्ट एंटमन याने 1993 मध्ये चौकटीची चार कार्ये सांगितली : प्रश्न कोणता हे ठरवणे, त्याचे कारण दाखवणे, नैतिक निवाडा देणे आणि उपाय सुचवणे. त्यापूर्वी 1991 मध्ये शांतो अय्यंगार याने दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या अभ्यासातून असे दाखवले होते की, एखादा प्रश्न सुट्या प्रसंगांच्या रूपात पुढे आला तर प्रेक्षक त्याची जबाबदारी त्या प्रसंगातील व्यक्तींवर टाकतात. तोच प्रश्न त्याच्या व्यापक पार्श्वभूमीसह मांडला तर जबाबदारी समाज व शासन यांच्याकडे जाते. आपल्या उदाहरणाला हे दोन्ही विचार फार उपयोगी पडतात. ते कोठे अपुरे पडतात, हेही पुढे दिसेल.

3

आता वस्तुस्थिती. गडचिरोली जिल्हा चंद्रपूर जिल्ह्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 14,412 चौरस किलोमीटर असून त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग अरण्याने व्यापला आहे. एटापल्ली व भामरागड या तालुक्यांत प्रामुख्याने माडिया गोंडांची वस्ती आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्यता आहे त्यांपैकी ही एक. कातकरी व कोलाम या उरलेल्या दोन. सूरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते व परंपरागत इलाक्यातील सुमारे सत्तर गावांचे लोक तिला जमतात. 1858 साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांची स्मृतीही या परिसरात जागती आहे.

याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला 348.09 हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला. 2013 मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याची माओवाद्यांनी हत्या केली. डिसेंबर 2016 मध्ये खनिज वाहून नेणारी सत्तर-ऐंशी वाहने त्यांनी एकाच वेळी जाळली. 2021 पासून उत्खनन सातत्याने चालू झाले. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्पादनवाढीसाठी जनसुनावणी झाली आणि 2023 मध्ये वार्षिक उत्पादनाची मर्यादा 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्याच वर्षी एटापल्ली तालुक्यातच तोडगट्टा येथे नव्या प्रस्तावित खाणींच्या विरोधात अनेक गावांच्या ग्रामसभांनी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ठिय्या दिला होता.

4

या घटनांना मराठी सार्वजनिक जीवनात मुख्यतः तीन चौकटी लाभल्या. त्यांतील पहिली सुरक्षेची. या चौकटीत प्रश्न ‘नक्षलवाद’ हा, त्याचे कारण बाहेरून आलेली हिंसक विचारसरणी, निवाडा राज्याच्या बाजूचा आणि उपाय पोलीस बंदोबस्त व रस्ते. जिल्ह्याच्या नावाआधी ‘नक्षलग्रस्त’ हे विशेषण इतक्या नियमाने लागत आले की, ते नावाचाच भाग वाटावे. ‘ग्रस्त’ हा प्रत्यय आपण रोग, पूर आणि दुष्काळ यांना लावतो. त्यामुळे भूप्रदेश हाच रुग्ण ठरतो व त्यात राहणारी माणसे रोगाची वाहक तरी होतात किंवा बळी तरी. ‘चकमक’ हाही असाच शब्द. गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडण्याचे साधन हा त्याचा मूळ अर्थ. त्यामुळे बातमीत तो येताच दोन्ही बाजूंनी ठिणग्या उडाल्या हे चौकशीपूर्वीच गृहीत धरले जाते. ही चौकट खोट्या पायावर उभी आहे, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. माओवाद्यांनी ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या आदिवासींची संख्या मोठी आहे आणि तो ‘खबऱ्या’ शब्दही एक चौकटच होता : एका शब्दात आरोप, पुरावा व शिक्षा सामावून घेणारी. दोष आहे तो चौकटीच्या व्याप्तीत. खाणीविषयी शंका घेणारा ग्रामसभेचा ठराव आणि वाहने जाळणारी सशस्त्र टोळी ही दोन्ही एकाच शीर्षकाखाली आली की, पहिल्यातील युक्तिवाद वाचण्याची गरजच उरत नाही.

अय्यंगारच्या भेदाचा प्रत्यय येथे येतो. गडचिरोली राज्याच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर प्राधान्याने आली ती स्फोट, जाळपोळ, चकमक व आत्मसमर्पण या प्रसंगांच्या निमित्ताने. 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, पाचवी अनुसूची, खाणपट्ट्याच्या अटी यांची चर्चा ज्या पार्श्वभूमीच्या लेखात व्हावयाची, त्याला आतल्या पानात व क्वचित जागा मिळाली. परिणामी वाचकाने जबाबदारी प्रसंगातील पात्रांवर टाकली. धोरणाची चिकित्सा त्याच्या मनात उद्भवलीच नाही.

दुसरी चौकट विकासाची. तिच्यात प्रश्न ‘मागासलेपणा’ हा, कारण दुर्गमता, उपाय उद्योग. ‘अतिदुर्गम’ हे विशेषण येथील प्रत्येक गावाला चिकटलेले असते. परंतु दुर्गम कोणाला? मुंबईहून पाहणाऱ्याला एटापल्ली दुर्गम. एटापल्लीच्या माणसाला जिल्ह्याचे सरकारी रुग्णालयही तितकेच दुर्गम. विशेषणाने अंतर एकाच टोकाकडून मोजले. अलीकडे राज्यकर्त्यांच्या भाषणांतून गडचिरोलीला महाराष्ट्राचे शेवटचे टोक न म्हणता पहिला जिल्हा म्हणावे, ती पोलादनगरी व्हावी, असा घोष ऐकू येतो. त्यातील सद्भाव मान्य करूनही हे लक्षात घ्यावे की, ‘पहिला’ काय किंवा ‘शेवटचा’ काय, मोजणी तीच राहिली. मोजणारा बदलला असता तर जिल्ह्याचे स्थान क्रमांकावाचूनही सांगता आले असते.

तिसरी चौकट संस्कृतिरक्षणाची. तिच्यात आदिवासी हा अरण्याचा रक्षक, डोंगर पवित्र आणि खाण हा अधर्म. शहरातील सहृदय वाचकाला ही चौकट जवळची वाटते व म्हणूनच तिची परीक्षा अधिक काटेकोरपणे केली पाहिजे. ठाकुरदेवाचे माहात्म्य खरे. पण या चौकटीत माडिया माणूस हा केवळ भक्त उरतो. तेंदूपत्त्याच्या लिलावात ठेकेदाराशी भाव करणारा, बांबूच्या विक्रीचा हिशेब ठेवणारा, मुलाच्या शाळेसाठी व नोकरीसाठी धडपडणारा मनुष्य तिच्यात मावत नाही. त्याने खाणीत काम पत्करले तर त्याचा ‘अधःपात’ झाला असे आपण समजतो. न पत्करले तर त्याच्या ‘निरागसते’चे कौतुक करतो. दोन्ही प्रसंगी त्याचा निर्णय हा निर्णय म्हणून गणला जात नाही. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. शीर्षकातील ‘जन्म’ हा एक शब्द वाचकाला गुन्ह्याकडून कारणपरंपरेकडे वळवतो. वर्तमानपत्री प्रसंगकथनाला मराठी ललित वाङ्मयाने दिलेले ते एक उत्तर होते.

5

शब्दांप्रमाणे आकडेही चौकट घालतात आणि आकड्यांविषयी आपण अधिक भाबडे असतो. 348.09 हेक्टर म्हणजे सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाशी हे प्रमाण शेकडा 0.03 हूनही कमी पडते. हे विधान गणिती दृष्ट्या निर्दोष आहे. त्याच क्षेत्राविषयी ‘यात्रेचा डोंगर’ असे म्हटले तर तेही तितकेच निर्दोष. पहिल्या विधानाचा छेद जिल्हा आहे, दुसऱ्याचा इलाका. ट्वेर्स्की-काहनेमन यांच्या प्रयोगात ‘वाचतील’ व ‘मरतील’ यांनी जे केले ते येथे छेदाच्या निवडीने होते. शिवाय पट्ट्याचे क्षेत्र सांगताना रस्त्यावरून अहोरात्र धावणारे मालवाहू ट्रक, त्यांची धूळ आणि पावसाळ्यात शेतात उतरणारा तांबडा गाळ यांना हेक्टर नसतात; म्हणून ते हिशेबात येत नाहीत.

कायद्यातील व्याख्या ही सर्वांत बळकट चौकट होय. याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे तृण आहे. परंतु कायद्याने तो वृक्ष ठरल्यामुळे त्याची तोड व वाहतूक वनखात्याच्या अधीन राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घातला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा हा वाद चालूच राहिला. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. 2017 च्या दुरुस्तीने जुन्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षे एका शब्दाने गावाचे उत्पन्न कोणाच्या हाती असावे हे ठरवले आणि तो शब्द बदलण्यासाठी गावाला लढावे लागले. ‘मांडणी’ ही केवळ वृत्तपत्रांची व वक्त्यांची कला आहे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण विसरू नये.

6

येथवर सिद्धांत आपल्याला साहाय्यक झाला. आता त्याची उणीव पाहू. लिपमनपासून एंटमनपर्यंतचे सारे विवेचन असे धरून चालते की, चौकट ज्याच्यापुढे मांडली जाते त्याचेच मत बनते आणि ज्या प्रश्नाविषयी ते बनते त्याचे परिणामही साधारणतः तोच भोगतो. सूरजागडच्या बाबतीत हे दोन्ही धागे तुटलेले आहेत. तिन्ही चौकटी मराठीत, हिंदीत व इंग्रजीत मांडल्या गेल्या. त्यांचा वाचक नागपूर, पुणे व मुंबई येथे. ज्यांच्या डोंगराविषयी हे मत बनले त्यांची भाषा माडिया, म्हणजे द्राविडी कुलातील गोंडीची बहीण. गोंडीला अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही व त्या भाषेत दैनिक वृत्तपत्रही आपल्या पाहण्यात येत नाही. अशा स्थितीत ‘लोकमत’ या समासातील ‘लोक’ कोण, हा प्रश्न मांडणीच्या प्रश्नापूर्वी येतो. हाच तो दाराच्या चौकटीचा अर्थ.

जनसुनावणीचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होईल. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी अशी अपेक्षा आहे. 2022 ची सुनावणी झाली ती गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणी, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. सुरक्षेची चौकट येथे प्रत्यक्ष भूगोलात उतरली : प्रदेश धोक्याचा म्हणून सुनावणी दूर, आणि दूर म्हणून ज्यांनी बोलावयाचे त्यांचे येणे कठीण. चौकटीने मत बदलले नाही. बोलणारा दाराबाहेर ठेवला.

याच्या उलट उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे. तेथील बॉक्साइटच्या खाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी निर्णय देऊन धार्मिक व सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्या वर्षी बारा ग्रामसभा झाल्या व बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. सूरजागडच्या ग्रामसभांनी असाच कौल दिला असता, असे अनुमान काढणे अशास्त्रीय होईल. मुद्दा इतकाच की, तेथे प्रश्न विचारला गेला आणि ज्यांना विचारावयास हवा होता त्यांना विचारला गेला.

7

सिद्धांताची दुसरी उणीव अशी की, तो लोकांना फार मऊ माती समजतो. अलीकडील संशोधकांनी, विशेषतः चाँग व ड्रकमन यांनी 2007 मध्ये, परस्परविरोधी चौकटी एकत्र आल्या म्हणजे त्यांचा प्रभाव कसा बदलतो याची चर्चा केली आहे. गडचिरोलीचा अनुभव याहूनही एक पाऊल पुढे जातो. तेथील लोकांनी हाती आलेल्या चौकटी नुसत्या तोलल्या नाहीत. काही वेळा त्या मोडून स्वतःची मांडणी केली. कच्चे खनिज जिल्ह्याबाहेर जाऊ नये, कारखाना जिल्ह्यातच निघावा, ही मागणी ‘खाण हवी’ आणि ‘खाण नको’ या दोन्ही कप्प्यांत बसत नव्हती. 2017 मध्ये चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखान्याचे भूमिपूजन झाले त्यामागे या मागणीचा रेटा होता. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागड-एटापल्ली भागात ग्रामसभांच्या पाठिंब्याने उभे राहिलेले लालसू नोगोटी व सैनी गोटा निवडून आले. माओवादी चौकटीने निवडणूक त्याज्य ठरवली होती. रूढ राजकीय चौकटीने ती पक्षांपुरती मानली होती. ग्रामसभांनी दोन्ही नाकारून तिसरा अर्थ लावला. अर्थात सर्व गावे, सर्व पिढ्या किंवा सर्व आदिवासी एकमताचे होते असे नव्हे. खाणीत रोजगार मिळालेला तरुण आणि यात्रेचा पुजारी यांचे हितसंबंध वेगळे असू शकतात. परंतु हा मतभेद त्यांच्यात आहे, हे मान्य करणे म्हणजेच त्यांना मत आहे हे मान्य करणे होय.

8

या चर्चेला आज विशेष निकड आली आहे. सशस्त्र माओवादाचा अंत करण्यासाठी केंद्र शासनाने 31 मार्च 2026 ही मुदत जाहीर केली होती, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सुरक्षेच्या चौकटीचा जो आधार होता तो असा क्षीण झाला आहे. मग जे आक्षेप इतकी वर्षे त्या चौकटीमुळे ऐकले गेले नाहीत ते आता त्यांच्या गुणावर ऐकले जातील काय? की ‘शहरी नक्षलवाद’ यासारख्या संज्ञेने जुनी चौकट नव्या ठिकाणी टांगली जाईल? एका चौकटीचा आधार सुटला की तिची जागा बहुधा दुसरी बलवान चौकट घेते आणि सध्या ती विकासाची आहे. बंदुकीच्या भयाने गप्प राहिलेला ग्रामस्थ प्रगतीच्या गजराने गप्प झाला, तर लोकमताच्या दृष्टीने फारसा पालट झाला असे म्हणता येणार नाही.

आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी यापुढे वृत्तपत्रीय मजकुरातील चौकटी मोजण्यावर समाधान मानू नये, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न विचारावेत : ती कोणत्या भाषेत मांडली गेली, तिचा श्रोता कोण आणि तिच्यात ज्याचे वर्णन आहे त्याला तिला उत्तर देण्याचे ठिकाण आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावांची वही वाचावी लागेल आणि ती वाचता यावी म्हणून आपल्या विद्यापीठांत माडिया व गोंडी या भाषांच्या अध्ययनाची सोय करावी लागेल. ती होईपर्यंत सूरजागडविषयीचे आपले मत कितीही उदार असले, तरी ते दुसऱ्याच्या घराविषयी अंगणात उभे राहून बनवलेले मत आहे, याची जाणीव ठेवणे श्रेयस्कर.